न दिसणारे खड्डे

आत काय आहे ते न उघडता सांगतो, असं म्हणणाऱ्या माणसावर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही. ज्योतिषी घ्या, घटस्फोटाचे वकील घ्या, नाहीतर आम्हाला घ्या! मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात आम्ही एक मशीन बनवत होतो. जमीन न खणता खालची ओल किती, माती दबलीय का, मुळं कुठवर गेलीत, ती धड आहेत की सडलीत, ते सांगणारं मशीन. शेतकऱ्याचा मशीनवर विश्वास नाही, मशीनवाल्यांचा एकमेकांवर नाही. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात आणि मग कोणालातरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आम्ही तिघंच होतो. देवधर सर, मी आणि सावंतकाका.

देवधर सर पार्ल्याचे. कॉलेजात शिकवायचे, ते सोडून हे मशीन हाती घेतलेलं. अत्यंत हुशार आणि त्याहून जास्त संशयी! माझ्या इंटरव्ह्यूत मी एका प्रश्नाला "माहीत नाही" म्हटलं, तर म्हणाले, "खरंच माहीत नाही, की सांगायचं नाहीये?"

आणि सावंतकाका कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर हे पडेल ते काम करत करत भांडुपला स्थिरावले. वय पंचावन्न. आमच्याकडे त्यांचं काम एकच, खणणं.

न खणता सांगणाऱ्या मशीनच्या कंपनीत खणायला माणूस कशाला, असं मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्याचं असं आहे, मशीन नुसते आकडे देतं. चाळीस आला. पण चाळीस म्हणजे ओलं की कोरडं, हे मशीनला थोडंच माहीत! म्हणून मी रीडिंग घेतलं की त्याच जागी सावंतकाका हातभर खड्डा खणणार, आत बघून कागदावर लिहिणार, आणि तो कागद आम्ही कॉम्प्युटरला भरवणार. म्हणजे मशीनला शिकवणारा मास्तर तो खड्डा.

दोनशे जागा जुळल्या की मशीन पक्कं, असं सरांनी ठरवलं होतं. मग खणायची गरजच नाही.

"मग सावंतकाकांचं काय?" मी विचारलं होतं.

"बघू," सर म्हणाले. आमच्या गाळ्यात "बघू" म्हणजे काय ते तिघांनाही ठाऊक होतं.

काकांनी गाळ्यातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली. जागा जुळली की एक रेघ. मला त्या रेघांकडे बघवायचं नाही.

*

सुरुवातीला सर स्वतः शेतात यायचे. ते यायचे का बंद झाले, त्याचा हा किस्सा.

आमचं मशीन म्हणजे एक लांब पिवळी पेटी. ती जमिनीवर ठेवायची, ती खाली एक हलकी लहर सोडते आणि परत काय येतं ते मोजते. तिला धातूचं भारी वावडं! जवळपास लोखंड, सोनं, तांबं काही आलं की आकडे वेडेवाकडे होतात. त्यामुळे शेतात शिरण्याआधी मी मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ, मोबाईल सगळं काढून एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचे. सावंतकाकांचं फावडं लोखंडाचं, म्हणून त्यांना सरांची सक्त ताकीद, "वीस पावलं मागे राहा. आम्ही पुढच्या जागेवर गेलो की मगच तुम्ही खणायला घ्या."

शहापूरकडे भेंडीच्या शेतात बांधावर एक आजी बसली होती. मी मंगळसूत्र काढताना तिने पाहिलं.

"नवऱ्याने टाकलं का गं?"

"नाही आजी, मशीनजवळ दागिना चालत नाही."

आजी तिथून हलेचना. सकाळभर मी आणि सर ओळीने फिरतोय आणि आजीची नजर आमच्या मागे. आकडे तर असे येत होते, की भेंडी नाही, खाली विहीर आहे! सरांना आधी मशीनचा संशय, मग माझा, मग शेतकऱ्याचा. "ह्याने मुद्दाम पाणी सोडलंय काल!"

दुपारी आजी उठली, जवळ आली आणि सरांच्या हाताकडे बोट दाखवून मला विचारलं, "मग ह्या बाबाची अंगठी खोटी आहे होय?"

सरांच्या बोटात पुष्कराजाची जाडजूड सोन्याची अंगठी! पेटीचा दांडा त्याच हातात!

सकाळभराची सगळी रीडिंग्ज बाद. त्यानंतर सर म्हणाले, "फील्ड तुम्ही दोघं बघा, डेटा मी इथून बघतो." आणि ते शेतात यायचेच बंद झाले.

*

नाशिककडचे एक द्राक्षबागायतदार होते, आबा. त्यांनी आमची परीक्षा घ्यायची ठरवली. आम्ही पोहोचायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बागेत एका वेलीखाली तांब्याची कळशी पुरून ठेवली.

"ह्या ओळीत खाली काय आहे ते सांगा. सांगितलंत तर मानलं."

मी म्हटलं, "आबा, हे मुळांसाठी आहे, गुप्तधनासाठी नाही."

"घाबरलात?"

मग काय, इज्जतीचा प्रश्न! मी पूर्ण ओळ दोनदा फिरले. कळशीएवढं तांबं असतं तर पेटी ओरडलीच असती. काहीच नाही.

"काहीच नाहीये खाली," मी म्हटलं.

आबा असे खूष झाले! चार माणसं जमवली. "बघा, मुंबईचं मशीन फेल!"

सावंतकाका नेहमीप्रमाणे चपला काढून शेतात उभे होते. शेतात ते चप्पल कधीच घालत नसत. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, मातीचा मान राखतो. ते हळूच म्हणाले, "बाय, हयसर माती दोनदा हलली हा." पण तेव्हा ऐकायला कोणाला वेळ होता!

आबांनी ऐटीत खणायला लावलं. एक वीत, दोन वीत, हातभर. कळशी नाही! आबांचा चेहरा उतरला. आधी त्यांनी गड्याकडे संशयाने पाहिलं, मग आमच्या बॅगांकडे. आता आमच्या बॅगा उघडायला लावतात की काय, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात आबांच्या पत्नी, काकी, घरातून चहा घेऊन आल्या.

"कळशी शोधताय का? ती घरी आहे. काल तुम्ही माझी कळशी लपवून मळ्यात निघालात तेव्हाच मला संशय आला होता. तुम्ही वळलात आणि मी काढून आणली!"

आबांनी मशीनला हात जोडले. काकींना नाही.

*

ती पिवळी पेटी घेऊन फिरणं म्हणजे नाक्यानाक्यावर खुलासे. एकदा ऐरोलीकडून येताना एका हवालदारांनी आमची टॅक्सी बाजूला घेतली.

"ह्यात काय आहे?"

मी सगळं समजावून सांगितलं. लहर, ओल, मुळं. ते शांतपणे ऐकत होते. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मॅडम, आमच्या क्वार्टरच्या मागे जमिनीत तुळस आहे. तिसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा जळाली. शेजारचा फिनेल टाकतो असा माझा दाट संशय आहे. पण पुरावा नाही!"

आता नाही म्हणायची सोय होती का? रविवारी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. शेजारी खिडकीतून बघतोय, हवालदार त्याच्याकडे बघतायत. मी पेटी ठेवली. खाली नुसतं पाणी!

सावंतकाकांनी घरातल्या एकेकाला विचारलं. आई सकाळी आंघोळ झाल्यावर एक तांब्या घालायच्या. बायको पूजेला एक. मुलगी शाळेतून आली की एक. आणि हवालदारसाहेब स्वतः ड्यूटीवरून आले की, "बिचारी सुकलीय" म्हणून अख्खी बादली!

"सडली ती मुळांनी. तहानेन नाय," काका म्हणाले.

हवालदारांनी बादली उचलून आत नेऊन ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे आरोपी घरातलेच. आणि मुख्य आरोपी तक्रारदार!"

*

पार्ल्याच्या एका सोसायटीत मोठं जांभळाचं झाड होतं. सेक्रेटरींना तिथे पार्किंग हवं होतं, त्यामुळे त्यांच्या मते झाड आतून सडलेलं. चेअरमनांना झाड हवं होतं, त्यामुळे त्यांच्या मते झाड ठणठणीत. सरांच्या ओळखीतून आम्हाला बोलावणं आलं.

गेटवरच सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "नीट चेक करा हं. पडलं तर जबाबदारी तुमची." आत गेले तर चेअरमन. "नीट चेक करा हं. तोडलं तर पाप तुमचं."

सावंतकाकांनी चपला काढल्या, बुंध्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "झाडाक काय एक झाला नाय." मी म्हटलं, "काका, मशीन तरी लावू द्या!" दोन तास रीडिंग घेतली. झाडाला काहीही झालेलं नव्हतं.

रिपोर्ट ऐकून सेक्रेटरी भडकले. "चेअरमनने मॅनेज केलं तुम्हाला!" ते अपेक्षितच होतं. पण चेअरमनही खूष होईनात. रिपोर्ट उलटसुलट करून बघतायत.

"काय झालं चेअरमनसाहेब? तुम्ही म्हणत होतात तेच आलंय."

"तेच तर! ह्या सोसायटीत तीस वर्षांत माझं म्हणणं कधी खरं निघालेलं नाही. तुम्ही नक्की कोणाची माणसं आहात?"

*

आता घरचा किस्सा.

आमच्या जागा जुळायला लागल्या. शंभर झाल्या, सव्वाशे झाल्या. मशीन म्हणायचं अमुक खोलीला ओल आहे, काकांचा कागदही तेच म्हणायचा. दुसऱ्या कुठल्या कंपनीत पेढे वाटले असते. सर बेचैन!

"इतकं जुळतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. केतकी, तू रीडिंग सावंतांना आधी सांगतेस का?"

मला इतका राग आला! दोन वर्षं उन्हात फिरायचं आणि वर हे ऐकायचं. मी म्हटलं, "सर, मी कशाला सांगू? जुळलं तर काकांची नोकरी जाणार आहे. मी तर न जुळण्यासाठी नवस बोलायला हवा!"

तेव्हापासून लिफाफे सुरू झाले. शेतातच मी माझा आकडा लिहून लिफाफा बंद करायचा, काकांनी त्यांचा कागद वेगळ्या लिफाफ्यात. दोन्हींवर सह्या. शनिवारी चहाच्या वेळी सर स्वतः ते फोडणार. परीक्षेचे पेपर तपासल्यासारखे लाल पेन घेऊन बसायचे. तरी जुळायचं! सर एकेक बरोबरची खूण अशी करायचे, जणू त्यांच्याच पदरचं काहीतरी जातंय.

आणि काका कॅलेंडरच्या मागे रेघ मारायचे.

एकशे साठ झाल्या तेव्हा मला राहवेना. शेतातून परत येताना म्हटलं, "काका, दोन-चार कागदांवर मुद्दाम चूक लिहा ना. कोणाला कळतंय?"

काका थांबले. एवढे रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"खोटा कित्याक लिवू? माती कधी खोटा बोलली माज्याशी? त्या कागदार शेतकरी पाणी सोडतलो, बाय."

मला माझीच लाज वाटली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, असा प्रामाणिक माणूस आजच्या काळात मिळणार नाही. आणि आमचे काका खणायचे तरी कसे सुबक! एकूण एक शेतकरी कौतुक करायचा. "तुमचा माणूस खड्डा असा बुजवतो, की खड्डा कुठे होता तेसुद्धा कळत नाही!" हे वाक्य मी सरांना मोठ्या अभिमानाने सांगायचे.

*

मग दसरा आला. गाळ्यात हत्यारांची पूजा असते. टेबलावर पेटी, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना झेंडू. सर दरवर्षी स्वतः हळदकुंकू वाहतात. शेवटी, ह्या वर्षी पहिल्यांदाच, काकांचं फावडं आलं. सरांनी कुंकवाचं बोट फावड्याच्या पात्याकडे नेलं आणि बोट तसंच थांबलं.

पात्याचं टोक जरा खरवडलेलं, बाकी काळा रंग जसाच्या तसा. आणि वर दांड्याजवळ दुकानाचा कागदी स्टिकर!

फावडं दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. एकशे सत्त्याण्णव खड्डे खणलेलं!

सरांनी त्या स्टिकरवरच कुंकू लावलं, फूल वाहिलं, आपट्याची पानं आम्हाला दिली. फक्त म्हणाले, "गोराईच्या वाडीत शेवटच्या तीन जागा आहेत ना? ह्या वेळी मी येतो." काका फावड्याकडे बघत होते. मी काकांकडे.

गोराईला वांग्याचा मळा होता. सरांनी आल्या आल्या अंगठी काढून माझ्या डब्यात टाकली. मी पहिलं रीडिंग घेतलं, लिफाफा बंद केला. पुढच्या जागेकडे निघाले, तर सर म्हणाले, "थांब. आज आपण इथेच उभे राहू. सावंत, खणा."

काकांनी चपला काढल्या. पाच-सहा पावलं चालले. टाचेने जमीन दाबली. वांग्याच्या बुडातला लव्हाळा उपटला, त्याच्या मुळाशी लागलेली माती बोटांनी चुरली. झाडाचं एक पान हातात धरलं. मग खिशातून कागद काढून लिहिलं आणि लिफाफ्यात घातला. फावडं बाजूला तसंच आडवं.

"सावंत, मी खणा म्हटलं."

"सर..." काका मान खाली घालून उभे. "माजी कंबर गेली. तुमच्याकडे लागलंय त्याच वर्सा जिन्यावरसून पडलंय. सांगलंय असतंय तर तुमी ठेवलात नसतात."

"मग खड्डे?"

"पयले सा खणलंय."

सहा! एकशे सत्त्याण्णवपैकी सहा! मला शेतकऱ्यांचं कौतुक आठवलं. "खड्डा कुठे होता तेसुद्धा कळत नाही." कसा कळणार!

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "म्हणजे मशीन शिकलं ते... तुमच्या मनाने लिहिलेल्यावर? अहो, मी दोन वर्षं... केतकी, सगळा डेटा खोटा आहे!"

"खोटा एक अक्षर लिवलंय नाय," काका म्हणाले.

"ते आता बघूच!"

सरांनी फावडं उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं, कारण आधी उलटं धरलं. मी पुढे झाले तर ओरडले, "कोणी हात लावायचा नाही!" त्यांचा आता कोणावरच भरवसा नव्हता. धापा टाकत, चष्मा पुसत, हातभर खड्डा त्यांनी एकट्याने खणला. तळहाताला फोड आले. मळ्याचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. "साहेब, हे न खणता कळणारं मशीन ना?"

सरांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, टेप लावली. मग काकांचा लिफाफा फोडून मोठ्याने वाचलं. "दीड वीत खाली चिकण माती. पाणी अडलेलं. मुळं तिथेच काळी पडलेली."

खड्ड्यात दीड वीत खाली चिकण माती होती. त्यावर पाणी झिरपत होतं. आणि वांग्याची मुळं तिथे येऊन काळी पडली होती.

सर म्हणाले, "दुसरी जागा." काका चालले, लिहिलं, सरांनी खणलं. जुळलं. "तिसरी." तीही जुळली. माझी तिन्ही रीडिंग्ज तर जुळलीच होती. ती जुळणारच, मशीनचे मास्तरच ते!

तिसऱ्या खड्ड्यात गुडघाभर उतरलेले सर तिथेच काठावर बसले. शर्ट घामाने चिकटलेला, नाकावर माती. मग ते जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो सावंत, पण खणून बघायला नको होतं का?"

काकांनाही खरंच कोडं पडलेलं दिसलं. "सर, न खणता सांगणारा कायतरी व्हया, ह्या तुमीच सांगी होतात ना?"

सरांनी मला विचारलं, "केतकी, किती झाल्या?"

मी वही उघडली. "ह्या तीन धरून... दोनशे."

काकांनी चपला हातात घेतल्या. पायात घातल्या नाहीत, नुसत्या हातात घेऊन उभे राहिले.

सर म्हणाले, "शून्य लिही."

"सर?"

"शून्य. पहिल्यापासून सुरू. सोमवारी शहापूर, मग नाशिक, सगळीकडे परत जायचं. सावंत चालतील, सावंत लिहितील. खणायचं काम माझं."

मी वहीत शून्य लिहिलं. सरांनी फोडांवर फुंकर मारली, उठले आणि खड्ड्यात माती लोटायला लागले. अर्धी आत, अर्धी वांग्यांवर.

काका बघत होते. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी आली. शेवटी न राहवून ते पुढे झाले.

"सर, असो बुजवू नकात खड्डो. शेतकऱ्याक दिसूक नये असो बुजवूचो. माजे कधी दिसले?"